लेफ्ट बॅकची नोकरी

मोठेपणी कोण होणार, या प्रश्नाला कुठल्याही मुलाने आजवर ‘लेफ्ट बॅक’ असं उत्तर दिल्याचं माझ्या ऐकिवात नाही. फुटबॉल खेळणाऱ्या पोरांपैकी बहुतेकांना गोल मारायचे असतात. एखाद्या स्वप्नाळू मुलाला मधल्या फळीत राहून दुसऱ्याकडून गोल करवून घ्यायचा असतो, आणि वर्गात एक तरी एकलकोंडा असतोच, ज्याला हातमोजे चढवून गोलपोस्टखाली उभं राहायला आवडतं. पण मैदानाच्या डाव्या कडेला, पांढऱ्या रेषेशी सलगी करत, समोरून धावत येणाऱ्या कुणा चपळ पोराची वाट बघण्यात उमेदीची वर्षं घालवावीत, हे कुणाच्याच स्वप्नात येत नाही. तिथे माणूस आपोआप जाऊन पोचतो. कुणीतरी त्याच्याकडे एकदा बघतं, ‘तू तिकडे उभा राहा’ म्हणतं, आणि तो तिकडे उभा राहतो. जॉन ट्रोलोप नावाचे एक गृहस्थ इंग्लंडमधल्या स्विंडन टाउन या क्लबसाठी असे तिकडे उभे राहिले ते १९६० साली, आणि तिथून हलले १९८० साली. मधल्या काळात लीगचे ७७० सामने होऊन गेले. एकाच क्लबकडून इतके लीग सामने इंग्लंडमध्ये २०२३ पर्यंत दुसरा कुणीही खेळलेला नव्हता.

विक्रम एवढा मोठा आणि नाव एवढं लहान, अशी जोडी मी तरी दुसरी पाहिलेली नाही. फुटबॉलवर रात्री जागवणाऱ्या माझ्या ओळखीच्या पोरांना मी हे नाव सांगून पाहिलं. त्यांना लिव्हरपूलच्या राखीव गोलकीपरची जन्मतारीख ठाऊक असते. पण ट्रोलोप म्हटल्यावर त्यांच्यातला वाचणारा एक जण तेवढा म्हणाला, ‘तो कादंबरीकार ना?’ तो वेगळा. कादंबरीकार अँथनी ट्रोलोप एकोणिसाव्या शतकातला, पोस्टात नोकरीला. रोज पहाटे समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला अडीचशे शब्द लिहायचे आणि मग कचेरीत जायचं, असा त्याचा नेम होता, आणि त्या नेमावर त्याने ४७ कादंबऱ्या पाडल्या. दोघांचं नातं लावण्याचा माझा इरादा नाही. पण या आडनावाला हजेरीची काही उपजत ओढ असावी, अशी शंका घ्यायला जागा आहे.

हे जॉन ट्रोलोप पहिल्या डिव्हिजनमध्ये एकही सामना खेळले नाहीत. सगळे सामने दुसऱ्या किंवा तिसऱ्या डिव्हिजनमधले. इंग्लंडमध्ये वरच्या चार पायऱ्यांवर मिळून आज ९२ क्लब आहेत. त्यातल्या सगळ्यात वरच्या वीस क्लबांचे लाल, निळे सदरे घालून आपल्याकडची मुलं दादर स्टेशनच्या पुलावरून चालत असतात. खालच्या बहात्तर क्लबांचे सदरे त्या त्या गावाबाहेर सहसा कुणी घालत नाही. तरीही या बहात्तरांतल्या बऱ्याच गावांची नावं मला लहानपणापासून ओळखीची आहेत, आणि त्याचं श्रेय आमच्या काकांच्या रेडिओला आहे.

काका गिरगावात राहत आणि एका सरकारी खात्यात होते. फुटबॉलशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. पण हिवाळ्यात शनिवारी रात्री साडेदहाच्या सुमारास ते शॉर्टवेव्हवर लंडन लावत, कारण इंग्रजी कानावर पडलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्या वेळी तिथे संध्याकाळचे पाच वाजलेले असत आणि निवेदक त्या दिवसाचे सगळे निकाल ओळीने वाचून दाखवत असे. खरखरीतून गावं येत. क्रू अलेक्झांड्रा. हार्टलपूल. रॉचडेल. प्लिमथ अर्गाइल. निवेदकाचा आवाज पहिल्या गावाच्या नावावर किती चढला आणि दुसऱ्याच्या नावावर किती उतरला, एवढ्यावरून आकडा कानावर पडायच्या आतच कोण जिंकलं ते कळे. बरोबरी असली की दोन्ही नावं एका सपाटीत येत. तिकडे लाखो लोक हे निकाल कान देऊन ऐकत, कारण त्यांनी पूल्सच्या कूपनावर पैसे लावलेले असत. काकांनी कशावरच काही लावलेलं नव्हतं. तरी एखाद्या शनिवारी हार्टलपूलचा आवाज फारच खाली गेला, तर ते चुकचुकत आणि मग मच्छरदाणी सोडत.

काकांना एकदा बढती आली होती. तिच्याबरोबर नागपूरची बदलीही आली होती, म्हणून त्यांनी ती नम्रपणे परत पाठवली. खात्यात हसले, घरात काकू दोन दिवस बोलल्या नाहीत. काका मात्र त्याच खुर्चीत बसून निवृत्त झाले. ट्रोलोप यांची कारकीर्द पहिल्यांदा वाचली तेव्हा मला त्या खुर्चीची आठवण झाली. त्यांचा जन्म १९४३ सालचा, रॉटन गावचा. हे गाव स्विंडनला लागूनच. म्हणजे आपल्याच तालुक्यातली नेमणूक, तीही पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत. सरकारी नोकराने नवस बोलावा असं हे सुख. वीस वर्षांत मोठ्या क्लबांची बोलावणी आली आणि यांनी ती नाकारली, की कुणी बोलावलंच नाही, हा प्रश्न एखाद्याला पडेल. मला पडला नाही. आपलं गाव, आपली माणसं आणि दर शनिवारी तीन वाजता हातात असलेलं काम, एवढं जमून आलेलं असताना ‘का गेला नाहीत?’ हे विचारायची गरज फक्त जाणाऱ्यांनाच वाटते.

पगाराचं म्हणाल तर ते प्रकरण मोठं मजेचं आहे. १९६० च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी ट्रोलोप हॅलिफॅक्सविरुद्ध पहिला सामना खेळले, तेव्हा इंग्लंडमधल्या कुठल्याही फुटबॉलपटूला आठवड्याला २० पौंडांपेक्षा जास्त द्यायचे नाहीत, असा नियम होता. मग तो देशाचा कर्णधार का असेना. आणि हे २० हंगाम चालू असेपर्यंत. उन्हाळ्यात सामने नसत, तेव्हा मर्यादा १७ पौंडांवर यायची. उन्हाळ्यात फुटबॉलपटूला भूक कमी लागते, असं या नियमाच्या कर्त्यांचं मत असावं. शिवाय करार संपला तरी क्लबला वाटलं तर खेळाडूचं नाव आपल्याच वहीत अडकवून ठेवता येई. तो दुसरीकडे जाऊ शकत नसे, आणि गेलाच तर खेळू शकत नसे. जिमी हिल या दाढीवाल्या खेळाडूच्या पुढारपणाखाली खेळाडूंच्या संघटनेने संपाची धमकी दिली आणि १९६१ च्या जानेवारीत ही वीस पौंडांची मर्यादा उठली. लगेच फुलहॅमच्या जॉनी हेन्सला आठवड्याला शंभर पौंड मिळू लागले. फुलहॅमचे अध्यक्ष टॉमी ट्रिंडर हे पेशाने विनोदी नट होते. हेन्स शंभर पौंडांच्या लायकीचा आहे, असं ते आधीपासून सगळ्यांना ऐकवत आले होते. नियम आहे तोवर असं बोलायला काही खर्च येत नाही. नियम गेला, आणि नटाला स्वतःचं वाक्य पाळावं लागलं.

नाव वहीत अडकवण्याच्या प्रथेविरुद्ध न्यूकॅसलचा जॉर्ज ईस्टहॅम कोर्टात गेला आणि १९६३ साली न्यायाधीशांनी ती प्रथा अन्यायाची ठरवली. खेळाडूंच्या इतिहासात ही दोन्ही वर्षं सोन्याच्या अक्षरांत लिहितात. स्विंडनच्या लेफ्ट बॅकला त्यांचा किती उपयोग झाला, कोण जाणे. मन मानेल तिथे जायचा हक्क मिळाला, तेव्हा त्यांचं मन जिथे होतं तिथेच ते उभे होते.

स्विंडन हे आगगाड्यांचं गाव. ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १८४३ साली तिथे कारखाना सुरू केला आणि त्याच्याभोवती गाव वाढत गेलं. सकाळी भोंगा झाला की हजारो माणसं एकाच दाराने आत जायची. जुलैमध्ये कारखान्याची वार्षिक सुट्टी असे. तिला गावात नुसतं ‘ट्रिप’ म्हणत. कामगारांना आणि त्यांच्या बायकापोरांना समुद्रकाठी न्यायला खास गाड्या सुटायच्या, फुकट. आणि गाव ओस पडायचं. परळच्या नाहीतर माटुंग्याच्या वर्कशॉपमध्ये ज्याच्या घरातलं कुणी होतं, त्याला हे गाव समजावून सांगायला नको. तर याच कारखान्यात, १९६० च्या मार्चमध्ये, ब्रिटिश रेल्वेचं शेवटचं वाफेचं इंजिन तयार झालं. त्याचं नाव ‘ईव्हनिंग स्टार’. हिरवा रंग, धुराड्याला तांब्याची कड, समारंभ, भाषणं. पाच महिन्यांनी त्याच गावात ट्रोलोप यांनी पहिल्यांदा बूट बांधले. त्यांच्यासाठी भाषण झालं नाही. पाच वर्षांत, १९६५ साली, ते देखणं इंजिन सेवेतून काढून टाकलं, कारण आता डिझेलचे दिवस आले होते. लेफ्ट बॅक तेव्हा रंगात येत होता.

१९६१ ते १९६८ या काळात त्यांनी सलग ३६८ लीग सामने खेळले. हा आकडा मी कितीतरी वेळ नुसता बघत बसतो. सलग म्हणजे एकही न चुकवता. सर्दी नाही, पाय मुरगळला नाही, गाडी चुकली नाही, आत्येबहिणीचं लग्न शनिवारी आलं नाही. यात १९६२-६३ चा तो भयंकर हिवाळाही आला, जेव्हा सगळं इंग्लंड गोठलं होतं आणि सामने आठवड्यांमागून आठवडे पुढे ढकलले जात होते. एफए कपची तिसरी फेरी जानेवारीत सुरू झाली ती मार्चमध्ये संपली. मैदानं काचेसारखी झाली होती. तो हंगाम स्विंडन वरच्या डिव्हिजनमध्ये जाऊन संपला. दोन वर्षांनी संघ पुन्हा खाली आला, मग १९६९ साली वर, मग १९७४ साली परत खाली. संघ वर जायचा, खाली यायचा. मॅनेजर यायचे, जायचे. लेफ्ट बॅक कोण, हा प्रश्न मात्र कुणाला पडायचा नाही. सगळ्यांच्या भरवशाचं माणूस असण्यात एक बारीकशी अडचण असते: त्याच्याकडे कुणी बघत नाही. एखाद्या शनिवारी त्याने चूक केली की तेवढ्यापुरतं त्याचं नाव सगळ्या मैदानाला कळतं, आणि चूक केली नाही तर तो नव्वद मिनिटं हवेसारखा असतो.

अशा माणसाच्या आयुष्यातही वेम्बली एकदा आलं. १५ मार्च १९६९, लीग कपची फायनल, समोर पहिल्या डिव्हिजनचा आर्सेनल. तिसऱ्या डिव्हिजनच्या संघाने फायनलपर्यंत यावं हेच आधी पुष्कळ होतं, त्यामुळे ‘आलात, बरं वाटलं’ अशा चेहऱ्याने राजधानी त्यांच्याकडे बघत होती. मैदान म्हणजे चिखल होता. जुन्या चित्रफितीत चेंडू टप्पा खायच्या ऐवजी रुतून बसताना दिसतो, आणि आर्सेनलचे खेळाडू त्याच्याकडे नाराजीने बघताना दिसतात. खालच्या डिव्हिजनच्या माणसांना चिखल नवा नव्हता. रॉजर स्मार्टने गोल केला, आर्सेनलच्या बॉबी गूल्डने शेवटी शेवटी तो फेडला, आणि जादा वेळेत डॉन रॉजर्स नावाच्या झुपकेदार मिशांच्या गड्याने दोन गोल ठोकले. दुसऱ्या गोलच्या वेळी तो अर्ध्या मैदानापासून एकटाच चिखल तुडवत निघाला तो थेट गोलकीपरला वळसा घालूनच थांबला. ३-१. ट्रोलोप त्या संघात होते. अर्थातच होते. डाव्या बाजूला.

पुढची गंमत खरी इंग्रजी पद्धतीची आहे. लीग कप जिंकणाऱ्याला युरोपातल्या स्पर्धेत जागा मिळायची, पण स्विंडनला ती मिळाली नाही, कारण ते तिसऱ्या डिव्हिजनचे होते. जेवायला बोलावून झाल्यावर हात धुवायची सोय वेगळी, असा हा प्रकार. कुणालातरी ते जरा खटकलं असावं. म्हणून इटलीच्या कपविजेत्यांशी खास सामने ठरवले गेले, आणि स्विंडनने रोमाला हरवलं. पुढल्या वर्षी अँग्लो-इटालियन कप नावाची स्पर्धाच निघाली. तिच्या फायनलला स्विंडनची मंडळी नेपल्सला गेली आणि नापोलीवर तीन गोल चढवले. तेव्हा तिथल्या प्रेक्षकांनी हाताला लागेल ते मैदानात भिरकवायला सुरुवात केली, आणि दहा-अकरा मिनिटं शिल्लक असतानाच सामना आटोपता घ्यावा लागला. रॉटन गावच्या माणसाला त्या बाटल्यांच्या वर्षावात उभं राहून काय वाटलं असेल? परदेश बघायचं राहून गेलं अशी रुखरुख असलीच, तर ती तिथे फिटली असावी. डॉन रॉजर्सने पुढे स्विंडनमध्ये खेळाच्या सामानाचं दुकान काढलं, आणि मैदानातल्या एका स्टँडला आता त्याचं नाव आहे. ते योग्यच आहे. गोल मारणाऱ्याच्या नावाने स्टँड बांधतात. वाचवलेले गोल झालेलेच नसतात, त्यामुळे ते मोजायची सोय नाही.

याच क्लबमध्ये पुढे जिमी ग्लास नावाचा गोलकीपर आला. त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय माझ्याने पुढे जाववत नाही, कारण ती ट्रोलोप यांच्या गोष्टीची बरोबर उलटी बाजू आहे. १९९८ साली तो बोर्नमथचा गोलकीपर होता, आणि खालच्या डिव्हिजनच्या संघांसाठी असलेल्या एका कपच्या फायनलला वेम्बलीवर त्याच्या हातून चेंडू स्वतःच्याच जाळ्यात गेला. बोर्नमथ हरलं. मग तो स्विंडनला आला, तिथे त्याचं बस्तान बसेना. १९९९ च्या वसंतात कार्लाइल युनायटेड या टोकाच्या उत्तरेकडच्या क्लबकडे गोलकीपरच उरला नाही. उसने खेळाडू घ्यायची मुदत उलटून गेली होती, म्हणून खास परवानगी काढून त्यांनी ग्लासला उसना आणला. तीन सामन्यांपुरता. तिसरा सामना ८ मे रोजी, हंगामाच्या शेवटच्या दिवशी होता. कार्लाइलने तो जिंकला नाही, तर सगळ्यात खालच्या डिव्हिजनच्याही खाली, लीगच्या बाहेर जायचं होतं. नव्वद मिनिटं संपली तेव्हा प्लिमथ अर्गाइलशी १-१ अशी बरोबरी होती. तिकडे स्कारबरोचा सामना आधीच बरोबरीत सुटला होता आणि आपण वाचलो म्हणून त्यांच्या मैदानावर लोक नाचायला लागले होते. इकडे भरपाईच्या वेळेतले शेवटचे क्षण, एक कॉर्नर, आणि आता कसं का होईना म्हणून गोलकीपर ग्लास लाल सदऱ्यात अख्खं मैदान ओलांडून धावत समोरच्या गोलपाशी आला. हेडर झाला, प्लिमथच्या गोलकीपरने अडवला, चेंडू सुटून ग्लासच्या पायाशी आला, आणि त्याने तो मारला.

कार्लाइल वाचलं. स्कारबरो लीगबाहेर गेलं. आठ वर्षांनी तर तो क्लबच दिवाळखोरीत बंद पडला. ग्लास सत्ताविसाव्या वर्षाच्या आसपास खेळातून बाहेर पडला, आणि पुढे डॉर्सेटमध्ये टॅक्सी चालवू लागला. मागे बसलेली गिऱ्हाईकं त्याला कधी ओळखत असतील, कधी नसतील. वेम्बलीवर आपल्याच जाळ्यात एक, कार्लाइलला समोरच्या जाळ्यात एक: गोलकीपरच्या हिशेबाला जमा आणि खर्च बरोबर मिटले. त्याच्या नावाने लेख लिहिले जातात, दर मे महिन्यात ती चित्रफीत कुणीतरी पुन्हा लावतं. तीन सामन्यांच्या उसनवारीवर माणूस अमर झाला. आणि ७७० सामने खेळलेल्या माणसाबद्दल विचारलं तर, ‘तो कादंबरीकार ना?’

आपल्यालाही या खालच्या पायऱ्यांशी एकदा थेट सोयरीक जोडता आली होती. १९९९ साली सिक्कीमचा बायचुंग भुतिया बरी या क्लबकडे गेला. त्याआधी फुलहॅम, वेस्ट ब्रॉमविच आणि अॅस्टन व्हिला या तिघांकडे त्याने चाचण्या दिल्या होत्या आणि तिघांनीही नकार दिला होता. बरी तेव्हा तिसऱ्या पायरीवर होतं. मँचेस्टरच्या उत्तरेचं हे लहानसं गाव, ब्लॅक पुडिंगसाठी प्रसिद्ध. आपल्या वर्तमानपत्रांत क्रीडापानाच्या कोपऱ्यात अचानक बरीचे निकाल दिसू लागले. तीन हंगामांत भुतिया लीगचे ३७ सामने खेळला, तीन गोल केले आणि परत आला. काका तोवर गेले होते. असते, तर शनिवारी रात्री बरीच्या नावावर आवाज चढतो की उतरतो, ते त्यांनी रेडिओला कान लावून ऐकलं असतं. बरी क्लब १८८५ सालचा, दोनदा एफए कप जिंकलेला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या घोळापायी त्याला लीगमधून काढून टाकलं. ३७ सामने कुठे खेळलास, असं भुतियाला कुणी विचारलं तर दाखवायला मैदान तरी राहिलं, हेच म्हणायचं.

स्विंडनला माझा भाचा काही वर्षं नोकरीनिमित्त होता, म्हणून मी ते मैदान पाहिलं. काउंटी ग्राउंडच्या शेजारीच तिथला तो प्रसिद्ध ‘मॅजिक राउंडअबाउट’ आहे. १९७२ पासून स्विंडनची माणसं पाच लहान चक्रांमधून वाट काढत एका मोठ्या चक्राभोवती फिरतात, आणि मधलं चक्र चक्क उलट्या दिशेने फिरावं लागतं. भाचा गाडी चालवताना तिथे रामरक्षा म्हणायचा. शनिवारी सामना होता. लाल मफलर गुंडाळलेली म्हातारी माणसं आपापल्या ठरलेल्या खुर्च्यांकडे जात होती. आपली खुर्ची शोधावी लागत नाही, हे त्यांच्या चालीवरूनच कळत होतं. माझ्या शेजारच्या आजोबांनी कागदी पेल्यातून वाफाळतं बोव्ह्रिल आणलं होतं, म्हणजे गोमांसाचा कढ. मी नको म्हटल्यावर त्यांनी ‘उरलं तर मला’ अशा समाधानाने मान हलवली. पुढच्या रांगेत सासष्टीतल्या कुठल्याशा गावचा एक गोवेकर होता. पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले हजारो गोवेकर स्विंडनला आहेत, आणि फुटबॉल त्यांना आईच्या दुधातून मिळालेला असतो. आमचं मराठी कानावर पडताच तो वळून म्हणाला, “पात्रांव, हांगा सगळे गोंयकारच आसात!” रात्रपाळीला गोदामात काम, शनिवारी इथे. संघ कसा आहे, असं विचारल्यावर त्याने हात आडवा धरून जरासा हलवला.

मी माझा प्रश्न आजोबांना विचारला. ट्रोलोप यांना खेळताना पाहिलंत का? त्यांनी पाहिलं होतं. अर्थात, अनेक वर्षं. मग कसे खेळायचे? आजोबा बराच वेळ आठवत राहिले. समोर सामना चालू होता, तोही त्यांनी मिनिटभर सोडून दिला. डॉन रॉजर्सचा गोल त्यांनी मला आधीच हातवाऱ्यांसकट करून दाखवला होता. ट्रोलोप यांचं मात्र त्यांना काहीच दाखवता येईना. शेवटी ते एवढंच म्हणाले, “ही वॉज ऑलवेज देअर.” आणि बोव्ह्रिलचा घोट घेतला.

१९७८ साली राणीने ट्रोलोप यांना एम.बी.ई. दिलं. १९८० मध्ये त्यांनी पोर्ट्समथच्या जिमी डिकिन्सनचा ७६४ सामन्यांचा विक्रम मागे टाकला. डिकिन्सन इंग्लंडकडून ४८ सामने खेळलेला मोठा माणूस. ट्रोलोप यांचे देशाकडून सामने शून्य. पण हजेरीपटावर ते सहाने पुढे. मग ते थांबले. पुढच्याच वर्षी क्लबने त्यांना मॅनेजर केलं, आणि १९८२ मध्ये स्विंडन टाउन इतिहासात पहिल्यांदा चौथ्या डिव्हिजनमध्ये घसरलं. ज्या पायरीवर खेळाडू म्हणून कधी जावं लागलं नव्हतं, तीही अशा रीतीने पाहून झाली. खात्यात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला शेवटी साहेबाच्या खुर्चीत बसवू नये, हे आमच्या काकांना आधीच कळलं होतं.

त्यांचा मुलगा पॉल स्विंडनमध्येच वाढला आणि त्याच क्लबमध्ये शिकाऊ म्हणून लागला. आता हे घराणं आणखी सातशे सामने उभं राहणार, असं कुणालाही वाटलं असतं. पण पॉलला पहिल्या संघाकडून एकही लीग सामना मिळाला नाही. तो टॉर्कीला गेला, तिथून डर्बी, मग फुलहॅम, कोव्हेंट्री, नॉर्दम्प्टन, ब्रिस्टल रोव्हर्स. डर्बीकडून तो वडिलांनी कधी न पाहिलेल्या सगळ्यात वरच्या पायरीवर खेळला, वेल्सच्या राष्ट्रीय संघातही खेळला. एका घरात दोन खेळाडू. स्विंडन टाउनच्या रकान्यात बापापुढे ७७०, मुलापुढे ०. पुढे पॉल ब्रिस्टल रोव्हर्सचा प्रशिक्षक झाला. ब्रिस्टल म्हणजे स्विंडनचं शेजारचं आणि म्हणून खास वैराचं गाव. २००७ नंतर काही हंगाम हे दोन्ही क्लब एकाच डिव्हिजनमध्ये होते, तेव्हा पॉल ट्रोलोप काउंटी ग्राउंडवर पाहुण्यांच्या बाकावर येऊन बसत असे. पाहुण्या संघाच्या प्रशिक्षकाला काय काय ऐकवायचं, याची स्विंडनच्या प्रेक्षकांची जुनी, पाठ असलेली यादी असणार. त्या आडनावासमोर तिच्यातलं नेमकं काय गाळायचं, हे त्यांनी आपसात कसं ठरवलं असेल, ते विचारायचं माझं आजोबांकडे राहून गेलं.